सोनारी काट्यावर वारा तोलताना

हा काटा बनवलाय सोनं-चांदी तोलायला. मी त्यावर वारा तोलते. लाकडाच्या छोट्या मोटारगाडीवर वारा सोडायचा आणि तो तिला मागे किती जोराने रेटतो ते पडद्यावर ग्रॅममध्ये वाचायचं, एवढ्याच कामासाठी मी तो घेतला आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतंच आहे. दागिने तोलायला तो कसा आहे, ते मला विचारू नका.

कंपनीचं नाव देत नाही, कारण हेच यंत्र डझनभर नावांनी विकलं जातं. तळहाताएवढी काळी डबी, वर उघडणारं झाकण, पोलादी तबकडी, निळा उजेड, दोन ट्रिपल ए सेल. क्षमता २०० ग्रॅम. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘अचूकता ०.०१ ग्रॅम’. माझी नोकरी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, मुलांना उपकरणं द्यायची आणि मोडकी परत घ्यायची. त्यामुळे असलं काही छापलेलं दिसलं की हात आपोआप कमरेवर जातात. ०.०१ हा पडद्यावरचा शेवटचा आकडा. तो खरा आहे की नाही, ते आपलं आपण तपासायचं.

आधी एवढा बारीक काटा लागतोच कशाला, ते सांगते. हवेचा रोध, म्हणजे ज्याला सगळे ड्रॅगच म्हणतात तो, काढायचा तर हवेची घनता, वेगाचा वर्ग, समोरून दिसणारं क्षेत्रफळ आणि ड्रॅग गुणांक (तो आकार वाऱ्याला किती अडतो ते सांगणारा आकडा) यांचा गुणाकार करून निम्मा करायचा. माझी मॉडेलं १:२४ मापाची आहेत, समोरून साधारण ३६ चौरस सेंटिमीटर. घरच्या पंख्यातून बोगद्यात, म्हणजे गाडीवर वारा सोडायच्या खोक्यात, सेकंदाला ५ मीटर वारा मिळतो, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरली आणि गाडी चांगली निमुळती, गुणांक ०.३५ च्या आसपास असली, तर सगळा मिळून रोध येतो दोन ग्रॅमहून जरा कमी. एका ग्रॅमच्या पायरीने चढणारा साधा काटा इथे नुसता भोपळा किंवा एक-दोन दाखवणार. ०.१ ग्रॅमचा काटा पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढतो, आणि मागचं टोक थोडं निमुळतं केल्याने पडणारा फरक अनेकदा त्या पायरीएवढाच असतो. तेव्हा ०.०१ ला पर्याय नाही.

काटा खाली दाबलेलं मोजतो, वारा आडवा ढकलतो. मधे दुभाषी लागतो आणि तो म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी काटकोनी तरफ. बोगद्याच्या तळाला एक फट, फटीतून वर आलेली ३ मिलिमीटर जाडीची सळई, तिच्या टोकावर गाडी. खाली खोक्यात टेकू, म्हणजे दाढीच्या ब्लेडचे दोन अर्धे तुकडे अॅल्युमिनियमच्या खाचेत धारेवर उभे. टेकूपासून तितक्याच लांबीची दुसरी भुजा वाऱ्याच्या दिशेने मागे जाते आणि काट्याच्या तबकडीवर टेकते. वारा गाडीला मागे ढकलतो, मागची भुजा खाली दाबते, काटा वाचतो. दोन्ही भुजा सारख्या असल्या की ग्रॅमला ग्रॅम. उभी भुजा दुप्पट लांब केली तर आकडाही दुप्पट होतो, पण थरथरही दुप्पट होते, म्हणून मी सारख्याच ठेवल्या. टेकूला बेअरिंग लावायचा मोह होतो. लावू नका. छोट्या बेअरिंगमधलं ग्रीसच दशांश-दोन दशांश ग्रॅम गिळून बसतं.

गाडीचा मध्य नेमका टेकूच्या वर हवा. वारा गाडीला मागे ढकलतो तसा थोडा वर उचलतो किंवा खाली दाबतोही. ते बल टेकूतून सरळ जात असेल तर तरफेला त्याचा पत्ता लागत नाही. गाडी पुढे-मागे सरकली की उचलही रोधाच्या आकड्यात मिसळते आणि आपण समजतो, नवा स्पॉयलर भलताच गुणाचा निघाला.

बोगद्याबद्दल थोडक्यात: ३० बाय ३० सेंटिमीटरचा लाकडी खोका, एका बाजूला पारदर्शक अॅक्रिलिक, तोंडाशी स्ट्रॉ रचून केलेली जाळी, पंखा मागच्या टोकाला. पंखा हवा ओढणारा असावा, फुंकणारा नको. फुंकला की पात्यांचा पीळ तसाच गाडीवर येतो. गाडीने खोक्याच्या तोंडाचा पाच टक्क्यांहून जास्त भाग अडवू नये असा ठोकताळा आहे. ९०० मध्ये ३६ म्हणजे चार टक्के, चालतं. पंखा वेगळ्या टेबलावर ठेवून मधे कापडाची बाही जोडली आहे, नाहीतर काटा वाऱ्याऐवजी मोटरचा थरकाप मोजतो. काटा स्वतः खालच्या बंद खोक्यात. तबकडी पंख्याच्या ओढीत आली की तीच वर-खाली व्हायला लागते.

आता या काट्याची खरी खोड. एकेक सेंटिमीटर बाजूचे कागदाचे चौकोनी कपटे कापा, नेहमीच्या ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाचे. असा एक कपटा ८ मिलिग्रॅमचा भरतो. रिकाम्या तबकडीवर चिमट्याने एकेक कपटा अलगद ठेवत जा, प्रत्येकानंतर थोडं थांबा. पडद्यावर ०.००. आणखी एक, ०.००. सात-आठ कपटे झाले तरी काटा ढिम्म. मग सगळे एकदम उचला. पडद्यावर उणे ०.०६ उमटतं. म्हणजे काट्याला वजन कळत होतं, पण शून्याच्या जवळ अगदी सावकाश होणारा बदल म्हणजे आपलंच घसरणं असं समजून तो प्रत्येक वेळी मुकाट्याने नवं शून्य धरत होता. दागिन्यांसाठी ही सोय आहे, कारण अंगठी एकदम ठेवली जाते. पंख्याचा वारा मात्र हळूहळू चढतो. चेंडूसारख्या लहान वस्तूचा रोध मोजताना हा काटा त्यातला बराच वाटा वाटेतच खातो, आणि कुणाला शंकाही येत नाही.

उपाय सोपा, पण माहितीपत्रकात सापडणार नाही. मागच्या भुजेवर मुळातच वीसेक ग्रॅमचा भार ठेवायचा आणि टेअर बटणाला, म्हणजे पडदा शून्यावर आणणाऱ्या बटणाला, हात लावायचा नाही. पडद्यावर २३.४१ दिसतंय, दिसू दे. वारा चालू केल्यावर २६.१२ झालं की वजाबाकी कागदावर करायची. शून्यापासून लांब गेलं की ही खोड बंद पडते. टेअर दाबलंत तर काट्याच्या दृष्टीने पुन्हा शून्यच झालं, आणि पहिले पाढे पंचावन्न.

दुसरी कटकट आपोआप बंद होण्याची. आकडा मिनिटभर हलला नाही की काटा झोपतो. गंमत अशी की वारा चालू असताना आकडा थरथरत असतो, त्यामुळे तो जागा राहतो; वारा बंद करून शांतपणे आधाराचा आकडा टिपायला बसावं, तर तेव्हाच डोळे मिटतो. आणि पुन्हा सुरू केला की अंगावरचे वीस ग्रॅम शून्य धरून उठतो, म्हणजे भार उचलून, काटा रिकामा चालू करून सगळं पहिल्यापासून. माझ्याकडच्या काट्यात उजेडाचं बटण दाबलं की मिनिट नव्याने सुरू होतं, पण बोटाच्या दाबाने तरफ हलते. या एका गोष्टीसाठी मी अर्धा तारा कापते. घेताना ही सोय बंद करता येते का ते बघून घ्या. काही काट्यांत येते.

बाकी तपासणीत मात्र काटा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. ५ ग्रॅमचं वजन रिकाम्या तबकडीवर, मग २० ग्रॅमच्या जोडीला, ५० च्या, १०० च्या: प्रत्येक वेळी वाढ ५.०० किंवा ५.०१. तबकडीच्या चारही कोपऱ्यांत तोच आकडा. त्याचं श्रेय आतल्या लोड सेलला, म्हणजे भार जाणणाऱ्या भागाला. मधे आरपार भोकं पाडलेली अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे ताणले की विजेचा रोध बदलणारे तुकडे. भोकांच्या वर-खाली उरलेल्या दोन पातळ कडा समांतर भुजांसारख्या वाकतात, त्यामुळे भार तबकडीवर कुठेही ठेवला तरी पट्टीला सारखाच कळतो. माझ्या ब्लेडवरच्या तरफेला हे साधत नाही. तिला बल आणि उंची यांचा गुणाकारच कळतो, आणि गाडीची नाक वर-खाली करण्याची ओढही ती त्यातच धरते. म्हणून मी एकमेकींशी ताडून बघते त्या गाड्या एकाच लांबी-उंचीच्या असतात. लांब ट्रकची छोट्या गाडीशी तुलना करायची असेल तर दोन समांतर पोलादी पट्ट्यांवर गाडी उभी करा.

काटा गरम-थंड होतो तसा सरकतोही. पाच-दहा मिनिटांत एक-दोन शतांश. प्रत्येक मापाच्या आधी आणि नंतर वारा बंद करून आधाराचा आकडा घेतला आणि दोन्हींची सरासरी धरली की हा दोष उरत नाही. वारा चालू असताना शेवटचा आकडा नाचतोच, दोन्हीकडे तीनेक शतांश. मी फोनवर पडद्याचं चित्रण करते आणि नंतर थांबवत थांबवत आकडे उतरवून सरासरी काढते.

आता वाऱ्याचा वेग. तो मोजायला वेगळं यंत्र घ्यायला पाहिजे असं बहुतेकांना वाटतं. पाण्याची नळी लावायची तर सेकंदाला ५ मीटर वाऱ्याचा दाब भरतो फक्त १५ पास्कल, पाण्याची दीड मिलिमीटर उंची. नळी एकास दहा अशी तिरकी ठेवली तर पंधरा मिलिमीटर दिसतात, तेवढं जमतं. पण मला तेही लागत नाही. गाडीच्या जागी, गाडीच्या मध्याच्याच उंचीवर, ४० मिलिमीटर व्यासाची सपाट चकती वाऱ्याकडे तोंड करून बसवायची. अशा चकतीचा ड्रॅग गुणांक १.१७ च्या आसपास असतो आणि कडा धारदार असल्यामुळे वेग बदलला तरी फारसा हलत नाही. आधी नुसत्या सळईचा रोध मोजून वजा करायचा. सळई एकटी दशांश ग्रॅम खाते. माझ्या बोगद्यात चकती २.३ ग्रॅम दाखवते. मग गाडीचा आकडा भागिले चकतीचा आकडा, गुणिले चकतीचं क्षेत्रफळ भागिले गाडीचं क्षेत्रफळ, गुणिले १.१७, की गाडीचा गुणांक मिळतो. वेग आणि हवेची घनता दोन्हीकडून आपसूक कटतात. काट्यातली दोन टक्क्यांची चूकसुद्धा कटते. म्हणून हा स्वस्त काटा इथे चालतो.

खात्री करायची असेल तर टेबल टेनिसचा चेंडू बसवा. तोही ४० मिलिमीटरचाच, २००० सालानंतरचा. त्याआधी ३८ चा असे. या वेगाला चेंडूचा गुणांक ०.४७ च्या जवळपास. म्हणजे चकतीला चेंडूच्या अडीचपट रोध यायला हवा. माझ्याकडे चेंडू ०.९ ग्रॅमच्या थोडा वर-खाली येतो. एवढं जुळल्यावर मी खोक्यावर छापलेल्या अचूकतेला माफ केलं.

राइट बंधूंनी १९०१ साली हेच केलं होतं, कितीतरी जास्त हुशारीने. त्यांच्या सहा फुटी बोगद्यातले काटे करवतीच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचे होते, आणि उचल मोजणारा काटा पंखाची उचल सपाट पट्ट्यांवरच्या रोधाशी ताडून दाखवायचा. वारा नेमका किती वेगाचा आहे, याची त्यांना फिकीरच नव्हती. डिजिटल आकडा दिसला की आपण ती युक्ती विसरतो.

समोरचं क्षेत्रफळही याच काट्यावर निघतं, आणि मला या काट्याचा सगळ्यात आवडलेला उपयोग तोच. गाडीचं नाक सूर्याकडे करून धरायचं, मागे किरणांना काटकोनात ३०० जीएसएमचा कोरा पुठ्ठा. सूर्याचे किरण जवळपास समांतर, त्यामुळे सावली खऱ्या मापाची पडते. कड जराशी धूसर असते; पुठ्ठा गाडीला टेकवला की नीट होते. पेन्सिलीने रेघ मारायची, कापायचं, तोलायचं. त्याच पुठ्ठ्याचा १० बाय १० चा चौकोन ३.०० ग्रॅम भरला आणि सावलीचा तुकडा १.०८, म्हणजे ३६ चौरस सेंटिमीटर. आरसे, चाकांचे कोपरे, छताचा बाक, काहीही असो, हिशेब लागत नाही.

निकाल काय येतात? धारदार कडांचा ठोकळा, चाकं लावलेली वीट म्हणा हवं तर, ५.१ ग्रॅम. गुणांक ०.९. त्याच ठोकळ्याच्या फक्त पुढच्या कडा सँडपेपरने गोल केल्या, तर २.७ ग्रॅम, गुणांक ०.४८. जवळजवळ निम्मा रोध लाकडाच्या भुशात गेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही, पण फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध डबा व्हॅन आठवा. १९४९ साली ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाच्या विंड टनेलमध्ये तिच्या सपाट नाकाला गोलाई दिल्यावर गुणांक ०.७५ वरून ०.४४ वर आला होता. माझ्या ठोकळ्याचं मागचं टोक थोडं निमुळतं केल्यावर २.४ ग्रॅम झाले. तेही कळतं. चाकांवर झाकणं लावून पाहिली. तो फरक थरथरीत बुडाला. तीन-चार शतांशांच्या सुधारणेवरून वाद घालायचा असेल तर हे साधन तुमच्यासाठी नाही.

आणि ०.४८ हा आकडा खऱ्या रस्त्यावरच्या गाडीला चिकटवायलाही नाही. १८ सेंटिमीटरची गाडी, सेकंदाला ५ मीटर वारा: रेनॉल्ड्स अंक (वस्तूचा आकार आणि वेग यांच्यापुढे हवेचा चिकटपणा किती, ते सांगणारा) साठ हजार. सव्वाचार मीटरची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते तेव्हा तो ऐंशी लाखांच्या घरात असतो. छोट्या मॉडेलवर पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा थर वेगळ्या जागी पृष्ठभाग सोडतो. नाकावर सँडपेपरची बारीक पट्टी चिकटवली की थर आधीच खवळतो आणि चित्र थोडं खऱ्याच्या जवळ जातं. गोल नाकाच्या गाडीवर ही पट्टी लावून आणि काढून दोन्ही आकडे घ्याच. कधी कधी खरखरीत गाडीला गुळगुळीतपेक्षा कमी रोध येतो, आणि त्या दोन आकड्यांवरून मुलांशी तासभर बोलता येतं. शिवाय माझ्या गाडीखालची जमीन स्थिर आहे, खऱ्या गाडीखालची मागे पळते.

याऐवजी काय घ्यावं? धूर सोडणारे, काट्याची सुई असलेले टेबलावरचे तयार बोगदे मिळतात. धूर सुरेख दिसतो, पण मी हाताळला त्याची सुई घर्षणाने अडकत होती. टिचकी मारली की आकडा बदलायचा. उतारावरून गाडी सोडून वेळ मोजणं हा बिनखर्ची मार्ग, पण इतक्या कमी वेगात चाकांचं घर्षणच हवेवर कुरघोडी करतं. प्रोग्रॅमिंग येत असेल तर सुटा लोड सेल आणि त्याचा संकेत आकड्यांत बदलणारी एचएक्स७११ ची चिप घ्या. २४ बिट, सेकंदाला १० किंवा ८० वाचनं, शून्य धरायची खोड नाही, झोपही नाही. शाळेत किंवा घरी, सोल्डरिंगच्या नादी न लागता, मुलांबरोबर करायचं असेल तर मात्र हाच काटा. साडेचार तारे दिले असते. झोपेचा अर्धा कापून चार.

०.००१ ग्रॅमचा महाग भाऊही एकदा उसना आणून लावून पाहिला. त्याची क्षमता फक्त ५० ग्रॅम, आणि पंखा सुरू असताना शेवटचे दोन आकडे कधी थांबलेच नाहीत. घरच्या पंख्याचा वारा मुळात तेवढा एकसारखा नसतोच. पैसे उरले असतील तर ते स्ट्रॉंची जाळी लांब करण्यात घाला. मी सहा मिलिमीटरच्या स्ट्रॉंची लांबी चार सेंटिमीटरवरून आठ केली, आणि काट्याची थरथर तिथेच निम्म्यावर आली.